पाणी मारण्याचा हंगाम

हत्ती यंदाही आला. आमच्या सोलापूरकडे हस्त नक्षत्राला सरळ हत्तीच म्हणतात, आणि त्याने सोंड हलवली तरच विहिरींच्या पोटात काही पडतं. जून-जुलैचे ढग नुसते तोंड दाखवून पुढे जातात. खरा पाऊस परतताना पडतो, तोही नेमका नवरात्राच्या साफसफाईत, वाळत घातलेल्या गोधड्यांवर. दुपारभर डोकं भाजून काढणारं ऊन, मग अक्कलकोटच्या बाजूने काळंभोर भरून येतं आणि बघता बघता रस्ते वाहायला लागतात. अशा वेळी आमच्या कॉलनीतले लोक गॅलरीत उभे राहून छातीभर श्वास घेतात आणि मातीचा वास, मातीचा वास म्हणून एकमेकांना सांगतात. खोटं बोलतात. इथे माती उरलीच कुठे? जो वास येतो तो ओल्या सिमेंटचा असतो, आणि तो मी डोळे मिटूनही ओळखते.

हा वास आला की हातातलं काम तसंच टाकून मी गॅलरीत येते आणि समोरच्या उताराकडे बघते. उतार तोच आहे. वर रस्ता, खाली ओढा. मधल्या जमिनीचे मालक बदलले, पाट्या बदलल्या, पाणी मात्र अजून जुन्याच वाटेने खाली येतं. त्या वाटेवर पूर्वी एक विहीर होती, आणि विहिरीभोवती इरप्पा आणि कल्लव्वाचा झेंडू होता.

हे नवरा-बायको अक्कलकोटच्या खालच्या अंगाचे. घरात कन्नड, आमच्याशी मराठी, आणि चिडले की दोन्हींची खिचडी. जमीन त्यांची नव्हती. मालक पुण्यात राहायचा, आणि हे दोघे ती वाट्याने करायचे. शेवंती असायची, निशिगंध असायचा, पण सगळा जीव दसऱ्याच्या झेंडूवर. पंचमीच्या आसपास रोपं लावायची, गणपतीत कळ्या धरायच्या, आणि दसऱ्याच्या तोंडावर पाट्या भरून कल्लव्वा नवी पेठेच्या तोंडाशी जाऊन बसायची. तो झेंडू गेला तर आमचं वर्ष गेलं बाई, असं ती हसत हसत सांगायची. हसत सांगायची, कारण तो कधी गेला नव्हता.

मला तिचं पाणी देणं बघत बसायला आवडायचं. पाइपाच्या तोंडावर ती अंगठा अर्धवट दाबून धरायची, म्हणजे धार फुटून तिचा फवारा व्हायचा आणि कोवळ्या रोपाच्या बुडाची माती हलायची नाही. रोपाशी बोलायची कन्नडमध्ये, ते काही मला कळायचं नाही. शाळा सुटल्यावर मी विहिरीच्या कठड्यावर टेकायचे, ती सुरकुतलेल्या पिशवीतून शेंगा काढून माझ्या ओंजळीत घालायची, आणि आम्ही दोघी गावाची उणीदुणी काढायचो. मी विज्ञानाची मास्तरीण, आणि ती कधी शाळेची पायरी न चढलेली. पण लोकांना नावं ठेवण्यात दोघींचा हात कुणी धरला नसता. नळाला पाणी कधी येईल हे या शहरात देवालाही सांगता येत नाही, त्यामुळे अर्धी कॉलनी त्याच विहिरीवरून घागरी नेत असे. कल्लव्वाने कधी कुणाला नाही म्हटलं नाही. हे नंतर कुणालाच आठवलं नाही, तो भाग वेगळा.

मग वरच्या अंगाची जागा विकली गेली आणि तिथे पत्रे उभे राहिले. निळे पत्रे, त्यावर हिरवीगार झाडं, कारंजी, एक पोहण्याचा तलाव आणि त्यात डुंबणारी एक गोरी बाई छापलेली. नाव दिलं होतं पाण्याचंच. या शहरात इमारतीला पाण्याचं नाव दिलं की गिऱ्हाईक लवकर येतं.

साईटवर सुपरवायझर होता नितीन नावाचा. करकंबचा, शेतकऱ्याच्या घरचा, तरणाबांड, तोंडाने गोड. कुणालाही दादा, मावशी, बाई. पहिल्याच आठवड्यात इरप्पाकडे येऊन गोडीत बोलून त्याने विहिरीतून पाणी घ्यायचं ठरवून टाकलं. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ त्याची आरोळी ऐकू यायची, "ए, तिकडच्या कॉलमला पानी मारलं का? पानी मारा रं!"

बांधकामवाल्यांच्या बोलण्यात सगळं मारतातच. प्लास्टर मारतात, रंग मारतात, खिळा मारतात, खड्डा मारतात, दांडी मारतात, आणि गिऱ्हाईकासमोर थापा मारतात. ओतलेलं सिमेंट तडकू नये म्हणून त्यावर रोज पाणी टाकावं लागतं, त्याला पाणी मारणं म्हणतात. साधा शब्द आहे, आपण सगळेच वापरतो. कल्लव्वाला मात्र तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा इतकं हसू आलं की हातातला पाइप खाली पडला.

"पानी मारत्यात म्हने," ती मला म्हणाली. "पानी पाजायचं असतंय की हो बाई. ह्येंला कुणी शिकवलं न्हाय वाटतं."

गणपती बसले आणि स्लॅब सुरू झाले. तयार काँक्रीट घेऊन येणाऱ्या त्या मोठ्या गाड्या, पाठीवर फिरणारं पिंप, एकामागून एक यायला लागल्या. गाडी रिकामी झाली की पिंप आतून धुवावं लागतं, नाहीतर उरलेला माल आतच दगड होऊन बसतो. ते धुणं गाडीवाले उताराच्या कडेला उभं राहून उरकायचे. करड्या-पांढऱ्या पाण्याचा लोंढा पन्हाळीतून खाली पडायचा, जुन्या चारीत शिरायचा आणि इरप्पाच्या विहिरीकडे चालायला लागायचा. वर पाऊस. उघड्यावर टाकलेली वाळू, फुटलेल्या पोत्यांतलं सिमेंट, स्लॅबवरून उतरलेलं पाणी, सगळं त्याच वाटेने. विहिरीचं पाणी पहिल्यांदा पांढरं झालं तेव्हा मी धावत गेले. इरप्पा कठड्यावर बसून तंबाखू मळत होता आणि चक्क खुशीत होता.

"सुण्णा हाय की बाई, सुण्णा!" म्हणाला. सुण्णा म्हणजे चुना. "आमी दरसाल नवरात्राच्या आदी हिरीत चुना सोडतो का न्हाय? गाळ बसतो, पानी निवळतं. औंदा फुकटचा चुना आला बगा वरनं."

आता यावर काय बोलणार? चूक म्हणावी तर पिढ्यान् पिढ्यांची सवय तिच्या पाठीशी उभी होती. आमच्याकडे विहिरीत चुना सोडतात, कठड्याला चुना देतात, बाळंतिणीला चुन्याची निवळी पाजतात, आणि तळहातावरची तंबाखू तर चुन्याशिवाय गालात जातच नाही. पांढरं ते चुन्याचं, आणि चुन्याचं ते शुद्ध. इरप्पाच्या हातावर त्या क्षणीही चुन्याची डबी होती. चुना लावणं म्हणजे काय हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे, पण तो विहिरीला लागला तेव्हा या भल्या माणसाने वर बघून हात जोडले.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्याचं म्हणणं खरं ठरल्यासारखं दिसलं. काही दिवसांत पांढरट पाणी खाली बसलं आणि विहीर अशी नितळ झाली की मी जन्मात तशी पाहिली नव्हती. शेवाळ गेलं. पाणकिडे गेले. कायम हिरवट, गढूळ असणारं ते पाणी निळसर काचेसारखं झालं आणि तळाचे दगड एकेक करून मोजावेत असे दिसायला लागले. कॉलनीतली माणसं मोबाईल घेऊन आली. आमच्या ह्यांनीही फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, आमच्या सोलापुरातलं मालदीव. शेजारचे अण्णा, बँकेतून निवृत्त झालेले, कॉलनीतल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेले, कठड्यावर वाकून म्हणाले, "बघा, विकास आला की स्वच्छताही येते."

अनंत चतुर्दशीला कॉलनीचा गणपती त्याच विहिरीत सोडला. एरवी मूर्ती पाण्यात गेली की गेली, डोळ्यांआड झाली, आपण हात जोडून घरी यायला मोकळे. त्या वर्षी तो तळाशी जाऊन बसला आणि दिसतच राहिला. वरून वाकलं की सोंड दिसायची, मुकुट दिसायचा, वर उचललेला हात दिसायचा. पोरं म्हणायची, बाप्पा बघतोय. बायांना ते आवडायचं नाही, पण पाण्याला नावं ठेवायला जागाच नव्हती. मग एका सकाळी त्याच्या डोक्यावर, पाण्याच्या पृष्ठभागावर, विहिरीतले सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. अण्णा म्हणाले, माशांना घाण पाणीच मानवतं हो.

बेडूक ओरडायचे थांबले होते. हत्तीच्या पावसात संध्याकाळी त्या विहिरीवर बेडकांचा असा कालवा चालायचा की टीव्हीचा आवाज वाढवावा लागे. त्या वर्षी भरपूर पाऊस पडला आणि विहिरीवरून एकाही बेडकाचा आवाज आला नाही. मी गॅलरीत उभी होते, खाली कल्लव्वा वाफ्याच्या कडेला उभी होती, आणि ती माझ्याकडे बघून हाताने विचारत होती, काय झालं?

झेंडू पिवळा पडायला लागला होता. फुलांनी नव्हे, पानांनी. पानांच्या कडा करपल्या, बुडाशी मातीवर पांढरा पापुद्रा धरला, नखाने उचकटला तर खपलीसारखा निघायचा. इरप्पाला वाटलं, उन्हाने ताण बसला. ताण बसला की माणूस काय करणार, पाणी वाढवणार. त्याने पाणी वाढवलं. सकाळी द्यायचा ते संध्याकाळीही द्यायला लागला. ज्या पाण्याने झाडं मरत होती तेच पाणी, तीच झाडं जगावीत म्हणून, तो मन लावून घालत होता. कल्लव्वा पाइपाच्या तोंडावर अंगठा धरून, रोपाचं बूड हलू नये इतक्या बेताने, ते विष नेमकं मुळाशी पोचवत होती. मायेने माणूस किती पद्धतशीरपणे मारू शकतो हे मी त्या हंगामात पाहिलं.

तिच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत जखमा झाल्या. पावसाळ्यात चिखलात उभं राहून चिखल्या होतातच, म्हणून तिने त्यांना चिखल्याच ठरवलं. चिखल्यांना उपाय काय, तर पाय स्वच्छ पाण्याने धुवायचे, कोरडे करायचे आणि तेल लावायचं. स्वच्छ पाणी म्हणजे विहिरीचं. ती रोज त्या निळ्या नितळ पाण्याने पाय धूत होती आणि जखमा रोज वाढत होत्या. हाताची कातडी फाटली, अंगठा तर इतका चिरला की पाइपावर दाबला की रक्त यायचं.

त्या दिवशी मी तिचा हात हातात घेतला, विहिरीचं पाणी दोन बोटांत चोळलं, आणि ते साबणासारखं बुळबुळीत लागलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून लिटमसच्या पट्ट्या आणल्या. ज्या पट्ट्या मी वर्षानुवर्षं चुन्याच्या निवळीत बुडवून पोरांना दाखवत आले, तीच तांबडी पट्टी विहिरीत बुडवली आणि ती बघता बघता निळी झाली. कल्लव्वा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला सांगितलं की हा इरप्पाचा चुना नव्हे. आपण सोडतो तो विहिरीला चिमूटभर. हे सिमेंटचं पाणी आहे, रोजचं, गाड्यांनी ओतलेलं. पाणी नितळ झालंय कारण त्यात आता काहीच जिवंत नाही.

तिने वाफ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंजे आमी दोगं जहर पाजत हुतो व्हय?"

मला तेव्हा खोटं बोलता आलं असतं. मी बोलले नाही. "हो," म्हटलं.

आम्ही दोघी साईटवर गेलो. मी नितीनला पट्टी दाखवली. त्याने ती उजेडात धरून पाहिली, आणि प्रामाणिकपणे, अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "निळी झाली मंजे चांगलंच की बाई. पाण्याचा रंग निळाच असतोय."

हसू नका. मी तेव्हा हसले आणि तिथेच हरले, कारण तोही हसला, आणि हसून झाल्यावर विषय संपल्यासारखा वाटायला लागला. मी परत पहिल्यापासून सांगितलं. फार अवघड नव्हतं, आठवीतल्या पोरालाही कळलं असतं. एक खड्डा खणा, त्यात जाड प्लास्टिक अंथरा, भोवतीने वाळूची पोती रचा. गाड्या तिथेच धुवा. गाळ घट्ट झाला की उचलून न्या. वाळूवर ताडपत्री टाका, आणि चारीचं तोंड पोत्यांनी बंद करा. संपलं. बाकी तुमची इमारत आभाळाला लागू दे.

"खड्डा ना? मारू की," नितीन म्हणाला. "उद्या मारतो."

कल्लव्वा मधेच बोलली, "दसरा हाय सायेब. झेंडू जळाय लागलाय. आजच खांदा की. मी खांदती, टिकाव द्या."

"तुमी कशाला मावशी? माणसं हायत की. उद्या शंभर टक्के."

मी विचारलं, "नितीन, तुझ्या घरच्या उसाला घालशील का हे पाणी?"

"आमच्याकडं कॅनॉल हाय की बाई," तो म्हणाला. चेष्टा नव्हती ती. त्याला खरंच वाटलं की मी त्याच्या घरच्या पाण्याची चौकशी करते आहे.

उद्याचा दिवस त्या साईटवर कधी उजाडला नाही. कल्लव्वा रोज जायची. खड्डा मारला का? आज मशीन न्हाय. खड्डा मारला का? आज मालक येनार हायत. खड्डा मारला का? पाऊस उघडू द्या की मावशी. चिरलेल्या पायांनी चढ चढून जायची आणि तशीच परत यायची. साईटवरच्या पोरांनी तिचं नाव खड्डामावशी ठेवलं. लांबून दिसली की शीळ घालायचे. मी अर्ज केला, तर एका कार्यालयातून एक साहेब पाहणीला आले. विहिरीत वाकले, तळाचा गणपती दिसला तसा बूट काढून नमस्कार केला, आणि मला म्हणाले, "मॅडम, एवढं स्वच्छ पाणी आमच्या घरी येत नाही." अण्णांकडे चहा घेतला आणि गेले. अण्णांनी त्याच आठवड्यात वरच्या इमारतीत फ्लॅट ठरवला होता, ते मला मागून कळलं.

आणि एके दिवशी नितीन आपण होऊन खाली आला. कल्लव्वाला वाटलं, खड्ड्याचं सांगायला आला. तो म्हणाला, "इरप्पा, खंडेनवमीला आमच्या गाड्यांची पूजा असती. मोठे हार लागत्याल, झेंडूचे. तुमच्याकडनंच घ्यायचे ठरवलंय. आपल्याच माणसाला काम द्यावं, काय?"

इरप्पा हो म्हणाला. मी तिथे असते तर त्याचं तोंड दाबलं असतं. पण गेल्या कित्येक दिवसांत त्या बिचाऱ्याला कुणी आपला माणूस म्हटलं नव्हतं, तेवढ्यावरच तो विरघळला. दोघांनी मग उरलेल्या वाफ्यांत आणखी जीव ओतला. ओढ्यावरून डोक्यावर घागरी आणून घातल्या. ओढ्यालाही तोच उतार, तेच पाणी.

खंडेनवमीच्या सकाळी फुलं निघाली ती कशीबशी एक पाटी. बटणाएवढी, अर्धी मिटलेली, पाकळ्यांवर करडी राख बसल्यासारखी. कल्लव्वाने एकेक फूल पदराने पुसलं. हार गुंफला, तो इतका बारका झाला की नितीनने तो दोन बोटांत धरला.

"ह्यो हार हाय?" तो म्हणाला. "गाडीला घालायचा का चाकाच्या नटाला? एक काम सांगितलं तुमास्नी, तेबी जमंना व्हय?"

मग त्याने माणूस पाठवून बाजारातून हार आणवले. टपोरे, भगवे, हातभर जाडीचे. त्या राक्षसी गाड्या ओळीने उभ्या केल्या, प्रत्येकीच्या तोंडाला झेंडूचा हार, काचेवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. आरती झाली, पेढे वाटले. आम्हालाही बोलावलं होतं. आरती संपल्यावर एक गाडी भरून आली होती ती रिकामी झाली आणि हार तसाच गळ्यात घालून उताराच्या कडेला धुवायला उभी राहिली. पांढरं पाणी खाली निघालं, त्यात झेंडूच्या दोन-चार पाकळ्या. कल्लव्वा चारीच्या कडेला उभी राहून ते जाताना बघत होती. हातात पेढा होता, तो तिने खाल्ला नाही, टाकलाही नाही.

दुसऱ्या दिवशी ती उरलीसुरली पाटी घेऊन नवी पेठेत बसली. मी मुद्दाम गेले. बाया वाकायच्या, फूल उचलायच्या, नाक मुरडून परत टाकायच्या. शिळी दिसतात, म्हणायच्या. अण्णांच्या मंडळी पण आल्या, ज्यांनी त्या विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं वापरलं होतं. त्यांनी पाटी पाहिली, कल्लव्वाला पाहिलं, ओळख दिली नाही आणि शेजारच्या पाटीवरून फुलं घेतली. दुपारी कल्लव्वाने ती पाटी गाईपुढे ओतली. गाईने हुंगली आणि तोंड फिरवलं.

दसऱ्यानंतर सगळं भराभर झालं. पीक नाही म्हटल्यावर पुण्याच्या मालकाला जमीन ओझं वाटायला लागली आणि त्याने ती वरच्या बिल्डरलाच देऊन टाकली. इरप्पाने झोपडीचे पत्रे उतरवले. त्याला सांगोल्याकडे एका डाळिंबाच्या बागेवर राखणीचं काम मिळालं होतं. निघायच्या दिवशी तो सवयीने विहिरीपाशी गेला आणि तिच्या पायरीला हात लावून पाया पडला.

टेम्पो अजून वळणावर होता तेवढ्यात पहिली गाडी खाली आली. विहिरीला पाठ लावून उभी राहिली, पन्हाळी कठड्यावर टेकवली आणि सरळ आत धुतली. मग दुसरी. मी पायात चपला न घालता पळत गेले. नितीन छत्री घेऊन उभा होता, आणि मला पाहून त्याला खरोखर आनंद झाला.

"बाई, तुमी खड्डा खड्डा करत हुता की," तो म्हणाला. "घ्या. आता एक थेंबबी भाईर जात न्हाय. आयता खड्डा घावला बगा."

तो मला चिडवत नव्हता. एवढ्या दिवसांची मागणी पूर्ण केल्याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं. मी विहिरीत वाकून पाहिलं. गणपतीचा वर उचललेला हात तेवढा अजून दिसत होता. संध्याकाळपर्यंत तोही दिसेनासा झाला.

आता तिथे अण्णांच्या इमारतीचं पार्किंग आहे. चकचकीत फरशी, पांढरे पट्टे, कोपऱ्यात एक बंद पडलेलं कारंजं. अण्णा तिथले चेअरमन आहेत. यंदा त्या उताराच्या अजून वरच्या अंगाला नवे पत्रे उभे राहिलेत, नवं बांधकाम, पुन्हा पाण्याचंच नाव. सुपरवायझर नितीनच, थोडा सुटलेला, केस विरळ झालेले. परवा हत्तीच्या पावसात वरच्या साईटवरून करडं पाणी आलं, जुन्याच वाटेने आलं, आणि थेट पार्किंगच्या फरशीवर पसरलं. गाड्यांच्या चाकांना राख लागली. फरशीवर डाग पडले.

अण्णांनी आरडाओरडा करून सगळी इमारत खाली बोलावली. फोन गेले, व्हिडिओ निघाले, कुणीतरी पर्यावरण हा शब्दही उच्चारला. आणि दुपारचा चहा व्हायच्या आत वरच्या साईटवर मशीन लागलं. खड्डा खणला गेला. जाड काळं प्लास्टिक अंथरलं, भोवतीने वाळूची पोती रचली, वाळूच्या ढिगावर निळी ताडपत्री आली, चारीचं तोंड बंद झालं. मी आठवीतल्या पोरांना सांगावं तसं सांगितलं होतं, अगदी तसंच. अण्णांनी मला हाक मारून बोलावलं. "बघा बाई, नागरिक जागरूक असले की सगळं होतं," म्हणाले. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खरंच वाटली.

मी खड्डा बघायला वर गेले. छान खड्डा होता, त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. वर दुसऱ्या मजल्यावर गोणपाट गुंडाळलेल्या कॉलमपाशी एक बाई हिरवा पाइप घेऊन उभी होती. चेहरा उन्हाच्या बाजूला होता, दिसला नाही. पण तिने पाइपाच्या तोंडावर अंगठा अर्धवट दाबून धरला होता, आणि पाण्याची धार फुटून तिचा फवारा झाला होता, कोवळ्या रोपाच्या बुडाची माती हलू नये इतका बेताचा. काँक्रीटच्या खांबाला.

मी हाक मारली. तिने खाली पाहिलं, ओळखलं, आणि मी जिना चढून पोचेपर्यंत कठड्याला टेकून बसली, जशी पूर्वी विहिरीवर बसायची तशी.

"सांगोल्यात राहिली नाहीस?" मी विचारलं.

"तितं टँकरची वाट बगत बसायचं. बाग वाळली, मालकानं ह्येंला काडून टाकलं. ह्येनी आता खालीच वाचमन हायत, ह्याच साईटवर." मग तिने बोटाने खड्डा दाखवला. "ह्यो कदी खांदला? सकाळधरनं मी मागल्या अंगाला हुती."

"आज दुपारी."

"कशासाटी?"

मी सांगितलं. "पार्किंगच्या फरशीला डाग पडत होते."

ती हसली. पूर्वी पाणी मारणं हा शब्द ऐकून हसली होती तशीच, मोठ्याने, पाइप हातातून सुटेपर्यंत. हसता हसता तिने पदर तोंडावर धरला, आणि मग बराच वेळ तो काढलाच नाही. खाली पाइप तसाच पडून वाहत होता आणि पाणी पायऱ्यांवरून उतरून काळ्या प्लास्टिकच्या खड्ड्यात जात होतं, एक थेंबही बाहेर न सांडता.

खालून नितीनची आरोळी आली, "ए मावशी! बोलत काय बसलीस? पानी मारलं का?"

तिने पदर खाली घेतला आणि पाइप उचलला.

"मारलं की सायेब," ती ओरडून म्हणाली. "समदं मारलं."